चाकांवरचं घर

मुलांनो, घर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चार भिंती, छप्पर, दारात चपलांचा ढीग आणि आतून 'आधी हातपाय धू!' म्हणून ओरडणारी आई. हो ना? पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन दिवसांसाठी एक असं घर भाड्यानं घेतलं होतं, ज्याला भिंती होत्या, छप्पर होतं आणि शिवाय चाकंही होती. त्या घरातल्या पहिल्या दिवसाबद्दल तुम्हांला सांगायचं आहे. गंमतजंमत आहेच, पण त्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगणार आहे. बाईंच्या पण चुका होतात, बरं का!

मी शहाडला राहते. कल्याणहून कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसलात की पहिलंच स्टेशन. जवळच रेयॉनचा कारखाना, बिर्ला मंदिर आणि उल्हास नदी. इथल्याच एका प्राथमिक शाळेत मी शिकवते. घरी आम्ही पाच जण. मी, मुलांचे बाबा, सहावीतला थोरला, दुसरीतली धाकटी आणि मुलांची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई.

आता तुम्ही म्हणाल, शिक्षकाच्या घरात असले थाट कुठून आले? त्याचं कारण आमच्या आजी. त्यांचं माहेर जुन्नर तालुक्यातलं ओतूर. शहाडहून सरळ रस्ता, मुरबाडवरून माळशेज घाट चढला की तीन-साडेतीन तासांत पोचता येतं. तरी आजी सहा वर्षांत माहेरी गेल्या नव्हत्या. दर वेळी काहीतरी कारण निघायचं. कधी गुडघे दुखतात, कधी ऊन फार आहे, कधी पाहुणे येणार आहेत. खरं कारण त्यांनी एकदा स्वयंपाकघरात हळूच मला सांगितलं. "अगं, मला साखरेचा त्रास. दर तासाला जावं लागतं. रस्त्यात बायकांनी जायचं कुठं? म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही मी. मागच्या खेपेला घाटातच चक्कर आली होती."

मुलांनो, ही लाजण्याची गोष्ट नाही. तुमच्याही घरातली आजी प्रवासाला निघताना पाणी नको म्हणत असेल, तर एकदा तिला जवळ बसून विचारा.

'कॅराव्हॅन' हा शब्द मी पहिल्यांदा वर्तमानपत्रात वाचला होता. आपल्या राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा. गाडीतच पलंग, ओटा, नळ आणि संडासही. वाचलं आणि विसरून गेले. आजींचं ऐकल्यावर ते आठवलं. चौकशी केली. भाडं ऐकून बाबांनी डोळेच मिटले! पण माझी भिशी लागली होती, मुलांनी फटाके नकोत म्हणून सांगितलं आणि ठरलं एकदाचं.

ठरल्या दिवशी सकाळी गाडी आली. आली म्हणजे नाक्यापर्यंतच आली. आमच्या गल्लीत ती शिरेचना! मग काय, गाद्या, पिशव्या, फराळाचे डबे डोक्यावर घेऊन आमची वरात नाक्यावर. सगळी आळी गाडी बघायला जमली. कुणी नळ सोडून बघतंय, कुणी पलंगावर बसून बघतंय. एक आजोबा म्हणाले, "सगळं आहे, फक्त देवघर नाही." आजींनी लगेच पिशवीतून छोटा गणपती काढला आणि खिडकीशी ठेवला.

ड्रायव्हरकाकांनी आधी आमचा वर्गच घेतला. गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टे लावून बसायचं. पलंगावर लोळायचं ते गाडी थांबल्यावर. शेगडीसुद्धा गाडी उभी असतानाच पेटवायची. "आणि ताई," ते मला म्हणाले, "टाकीत दीडशे लिटर पाणी आहे. जपून वापरा. इथं वरून नळाला पाणी येत नाही." मी मान डोलावली. वर्गात मुलं डोलावतात ना, अगदी तशी! म्हणजे ऐकलं, पण कानाच्या आत गेलं नाही.

साडेसातला निघालो. म्हारळजवळ पहिला गतिरोधक आला आणि धाडकन आवाज झाला. आम्ही कपाटाला खिटी लावायलाच विसरलो होतो. चिवड्याचा डबा खाली, झाकण एकीकडे आणि चिवडा गाडीभर! धाकटी रडायच्या बेतात होती. आजी म्हणाल्या, "असू दे गं. वाटेला नैवेद्य झाला." मग गाडी बाजूला घेऊन सगळ्यांनी झाडझूड केली. घर चाकांवर असलं, तरी केर काढावा लागतोच.

रायत्याच्या पुलावरून उल्हास नदी ओलांडली. आपल्याकडची मोठी नदी ही. राजमाचीच्या डोंगरातून निघते आणि कल्याणवरून खाडीला मिळते. पुलावरून पाणी दिसलं तशा आजी म्हणाल्या, "एक पेलाभर पाणी दे बघू." मी दिलं. त्यांनी ते सगळं प्यायलं. मग थोड्या वेळानं दुसरा पेला. प्रवासात आजींना पाणी पिताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते. भिशीचे पैसे तिथंच वसूल झाले, असं मला वाटलं.

मुरबाडला थांबून नाश्ता केला. उपमा केला, चहा केला. आणि आता ऐका आमचे पराक्रम. थोरल्यानं नळ सोडून ठेवून दात घासले. धाकटीनं गाडीतला नळ बघायचा म्हणून चार वेळा हात धुतले. मी भांडी घासली, तीही घरच्यासारखी, धार सोडून. बाबांनी कपाटात सांडलेलं तेल धुऊन काढलं. नळाशेजारी पाण्याचे चार दिवे होते, ते एकेक करून विझत होते. कुणी बघतंय कशाला?

सरळगाव मागे पडलं आणि नळ 'फुर्र' करून बंद झाला. दीडशे लिटर पाणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांत संपलं! प्यायचं पाणी वेगळं होतं, पण संडासाला पाणी नाही. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी हातातला पेला तसाच भरलेला खाली ठेवला. ते बघून माझ्या पोटात कसंसंच झालं. ज्याच्यासाठी सारा खटाटोप केला, तेच आम्ही घालवून बसलो होतो.

ड्रायव्हरकाका रागावले नाहीत. पुढे रस्त्याकडेला एक हापसा दिसला, तिथं त्यांनी गाडी उभी केली. हापशापाशी आधीच एक टेम्पो उभा होता. त्यात भांडी, गोधड्या, कुदळी, फावडी, बांबू, टोपलीत झाकलेल्या दोन कोंबड्या आणि सामानाच्या मधल्या जागेत पाच-सहा माणसं. तेही एक चाकांवरचं घरच होतं म्हणा ना!

आमच्या धाकटीनं हापशाच्या दांड्याला लोंबकळून पाहिलं. दांडा काही हलेना. तेवढ्यात एक मुलगी पुढे आली. "सर, मी मारते," म्हणाली आणि दोन्ही हातांनी दांडा दाबू लागली. धो धो पाणी आलं. मी कॅन धरायला वाकले आणि ती ओरडली, "बाई!"

ती माझ्या वर्गातली मुलगी होती.

आता थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या भागात उल्हास आणि काळू नद्यांच्या आसपास वीटभट्ट्या आहेत. दिवाळी झाली की मुरबाड, शहापूर, जव्हार अशा तालुक्यांतून कातकरी, ठाकर कुटुंबं भट्टीवर येतात. माती कालवायची, साच्यात घालून विटा पाडायच्या, वाळवायच्या, रचायच्या आणि भाजायच्या. पावसाळ्याच्या आधी परत गावी. बऱ्याच घरांनी मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती अशी सहा-सहा महिने राबून फेडायची. आईबापांबरोबर मुलंही येतात. भट्टीवर पेंढ्यानं शाकारलेली जी झोपडी असते, तिला 'भोंगा' म्हणतात. १९९०च्या दशकात विधायक संसद या संस्थेनं आपल्या जिल्ह्यात अशा मुलांसाठी भट्टीवरच शाळा भरवल्या, त्यांचं नावच पडलं 'भोंगाशाळा'. आता २००९च्या शिक्षणहक्क कायद्यामुळे मूल वर्षात कधीही आलं, दाखला नसला, तरी शाळेनं त्याला वर्गात घ्यायलाच हवं.

तशी ही मुलगी त्याच्या आदल्या डिसेंबरात माझ्या तिसरीच्या वर्गात आली. हुशार. पाढ्यांची एक लाल पुठ्ठ्याची वही तिनं स्वतः आखून केली होती. दोन ते बारापर्यंतचे पाढे, प्रत्येक पानाला वेलबुट्टी. मी ती तपासायला घेतली आणि कपाटात ठेवली. एप्रिलच्या एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. भट्टीचं काम आटोपून त्यांची माणसं गावी गेल्याचं कळलं. मी हजेरीत लाल शाईनं 'सतत गैरहजर' लिहिलं. मे महिन्यात कपाट आवरताना ती वही हाती आली. क्षणभर थांबले. मग म्हटलं, आता कुठली येतेय ती! आणि बाकीच्या कागदांबरोबर ती रद्दीत घातली.

आणि आता हापशापाशी तिचा पहिला प्रश्न काय? "बाई, माझी वही हाये का?"

"कोणती गं?" मी विचारलं. खरं तर मला ठाऊक होतं.

"पाढ्यांची. लाल पुठ्ठ्याची. तुमी तपासाया घेतलेली."

मुलांनो, खोटं बोलणं फार सोपं होतं. 'आहे हं, शाळेत आहे' म्हटलं असतं आणि दुकानातून नवी लाल वही आणून ठेवली असती. पण शेजारी माझी दोन मुलं उभी होती. आणि ती नसती, तरी समोरची होतीच की!

"नाही गं बाळा," मी म्हटलं. "रद्दीत घातली मी. मला वाटलं, तू काही परत येणार नाहीस."

तिनं दांडा दाबायचा थांबवला. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नवलानं. "आमी दरसाल येतो ना," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. मला काही उत्तर सुचेना. डी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या पेपरात मी मुलांच्या मनाबद्दल पानंच्या पानं लिहिली होती. त्यातली एक ओळ त्या वेळी उपयोगी पडली नाही.

मग तीच म्हणाली, "पाढे पाठ हायेत माझे." आणि हापशाच्या प्रत्येक दाबाबरोबर सुरू झाली, "बारा एके बारा, बारा दुणे चोवीस..." धाकटी टाळ्या वाजवत मागून म्हणू लागली. थोरला मात्र बारा साते चौऱ्याऐंशीला अडखळला आणि गप्प बसला!

वीस वीस लिटरचे चार कॅन भरले. तिच्या हातात मात्र पाच लिटरचा एकच कॅन होता. सगळ्या टेम्पोला वाटेत प्यायला तेवढंच. ती आमच्या गाडीच्या दारातून आत डोकावली. "ह्ये तुमचं घर, बाई?"

"नाही गं. भाड्याचं आहे. तीन दिवसांसाठी."

"आमचा भोंगा भाड्याचा नाय," ती ऐटीत म्हणाली. "आमी सोता बांधतो. मी पन विटा देते हाताशी."

आजींनी उरलेला फराळ तिच्या ओच्यात घातला. तिच्या आईनं टेम्पोतून हाक मारली. मी घाईघाईनं भट्टी कोणती, कुठल्या बाजूची ते विचारून घेतलं. टेम्पो आमच्या घराच्या दिशेनं खाली निघाला आणि आम्ही त्यांच्या गावाच्या दिशेनं वर.

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. टोकावडे गेलं, वैशाखरे आलं. तिथून उजव्या हाताला नानाचा अंगठा म्हणतात तो सुळका दिसतो. बाबांनी मुलांना दाखवला. त्याच्याशेजारी नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजांच्या काळात कल्याण, सोपारा या बंदरांतला माल बैलांच्या पाठीवरून याच घाटानं जुन्नरला जायचा. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे, आणि दगडी रांजणही आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. 'कॅराव्हॅन' हा शब्दही मूळचा फारसी 'कारवान' वरून आलेला. अर्थ काय ठाऊक आहे? तांडा! माणसं, जनावरं, सामान असं सगळं मिळून चाललेलं.

"म्हणजे आई, त्यांचा टेम्पो खरी कॅराव्हॅन," थोरला म्हणाला. "आपली नुसती सहल." मी काहीच बोलले नाही. बरोबरच होतं त्याचं.

माळशेज घाट आम्ही अगदी हळू चढलो. पाऊस संपून महिना होऊन गेला होता, धबधबे आटले होते, पण काळ्या कड्यांवर त्यांचे ओघळ दिसत होते. बोगद्यात मुलांनी ठरल्याप्रमाणे आरोळ्या ठोकल्या. माथ्यावर गाडी थांबवून मी त्यांना एक गंमत सांगितली, तुम्हांलाही सांगते. या माथ्याच्या पश्चिमेला पडलेला पावसाचा थेंब काळू नदीतून उल्हासला मिळतो आणि अरबी समुद्रात जातो. हातभर पलीकडे पूर्वेला पडलेला थेंब पिंपळगाव जोगा धरणात साठतो, तिथून कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असा प्रवास करत पार बंगालच्या उपसागरात! एकाच ढगातले दोन थेंब. कुठं पडायचं, ते काही त्यांच्या हातात नसतं.

ते सांगता सांगता मला हापशापाशी उभ्या राहिलेल्या दोन मुली आठवल्या. एक दांड्याला लोंबकळणारी आणि एक दांडा दाबणारी.

दिवस कलता कलता ओतूरला पोचलो. आजी गाडीतून उतरल्या, तशा त्यांच्या भावजयीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. दोघी एकमेकींचे हात धरून कितीतरी वेळ नुसत्या उभ्याच होत्या. आम्ही गाडी अंगणात लावली. वाडीतली झाडून सारी पोरं तिच्याभोवती. रात्री आजी माहेरच्या ओटीवर झोपल्या. "तुमच्या त्या डब्यात तुम्हीच झोपा," म्हणाल्या. पण घाटातून येताना त्यांनी पाणी प्यायलं होतं, चक्कर आली नव्हती, आणि त्या हसत होत्या.

आणि हो, हापशाचं पाणी! ऐंशी लिटर भरलं होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरलं. पेल्यानं पाणी घेऊन दात घासले, भांडी आधी कागदानं पुसून मग विसळली, बस्स. माणसं तीच, गाडीही तीच.

रात्री मुलं वरच्या पलंगावर झोपली. मला झोप येईना. मी पर्समधून छोटी वही काढली आणि त्या मुलीला गेल्या वर्षी काय काय येत होतं, ते आठवून लिहून काढलं. हातच्याची वजाबाकी येते. जोडाक्षरं वाचते, 'र'चे प्रकार चुकतात. पाढे बारापर्यंत पक्के. असं लिहिलेलं कागदपत्र स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर द्यायचं असतं. शिक्षण हमी कार्ड म्हणतात त्याला. म्हणजे पुढच्या शाळेतल्या बाईंना कळतं, कुठून सुरुवात करायची. मुलगी न सांगता गेली, म्हणून मी ते केलं नव्हतं. पण ती जाणार, हे काय मला ठाऊक नव्हतं? भट्ट्या दर वर्षी मे-जूनपर्यंतच असतात. मीच मार्चमध्ये ते तयार ठेवायला हवं होतं.

शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्या भट्टीवर गेले. आता ती चौथीत आहे, दुसऱ्या बाकावर बसते. मी लाल पुठ्ठ्याची नवी वही दिली. तिनं घेतली, पण म्हणाली, "बाई, ही माझ्याजवळच ठेवते." मी म्हटलं, "ठेव." यंदा वही तपासायची असली की मी तिच्या बाकापाशी जाते आणि तिथंच तपासून परत देते.

मुलांनो, दिवाळीनंतर तुमच्याही वर्गात एखादं नवं मूल येईल. वीटभट्टीवरचं असेल, ऊसतोडीवरचं असेल, नाहीतर एखाद्या बांधकामावरचं. त्याच्याकडे दप्तर नसेल, गणवेश नसेल. तेव्हा बाकावर थोडं सरकून त्याला जागा द्या. आणि ते मे महिन्यात न सांगता गेलं, तर त्याची वही नीट जपून ठेवा. ते पुढच्या साली येणार असतं.